चार-चाक चालन वाहनांतील डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस

डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस हे खडतर मार्गावर चालणाऱ्या वाहनाच्या शक्तिवहन यंत्रणेतील दोन प्रमुख घटक आहेत. गिअरबॉक्सकडून आलेली शक्ती पुढील व मागील आसांत विभागण्याचे काम ट्रान्सफर केस करते, तर प्रत्येक आसावरील डाव्या व उजव्या चाकांत ती वाटण्याचे काम डिफरन्शियल करतो. इंजिन कितीही शक्तिशाली असले, तरी ती शक्ती जमिनीपर्यंत पोहोचते की घसरणाऱ्या एका चाकात वाया जाते, हे मुख्यतः या दोन घटकांच्या प्रकारावर अवलंबून असते. वाहन कोणत्या जमिनीवर व कोणत्या कामासाठी वापरायचे आहे, यावरून त्यांची निवड केली जाते. या लेखात त्यांची रचना, प्रकार व निवडीचे निकष दिले असून उदाहरण म्हणून रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन परिसराची जमीन घेतली आहे. पुळण, चिखल, जांभा आणि घाटरस्ता ही चारही प्रकारची भूमी तेथे थोड्या अंतरात आढळते.

## इतिहास

वाहनासाठी डिफरन्शियल वापरण्याचे श्रेय सामान्यतः फ्रेंच यंत्रज्ञ ओनेसिफोर पेकर यांना दिले जाते. त्यांनी १८२७ च्या सुमारास वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी ही रचना योजली. दोन वेगांची ट्रान्सफर केस सर्वसामान्यांना परिचित झाली ती दुसऱ्या महायुद्धातील विलिज जीपमुळे. या जीपच्या ट्रान्सफर केसमधील लो श्रेणीचे गुणोत्तर १.९७:१, तर आसांचे अंतिम गुणोत्तर ४.८८:१ होते. दोन्ही आसांवर साधे, म्हणजे खुले डिफरन्शियल होते.

महाराष्ट्रात हे तंत्र याच जीपच्या रूपाने रुजले. १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने स्थापन झालेल्या आणि १९४८ मध्ये 'महिंद्रा अँड महिंद्रा' हे नाव घेतलेल्या कंपनीने मुंबईत विलिज जीपची जोडणी सुरू केली. पुढे कंपनीने परवान्याखाली जीपचे उत्पादनही केले. टाटा मोटर्सने १९९८ मध्ये आणलेल्या सफारीची चार-चाक चालन आवृत्ती होती. पुण्यातील आकुर्डी येथे मुख्यालय असलेल्या फोर्स मोटर्सने (२००५ पूर्वीचे नाव बजाज टेम्पो) गुरखा हे वाहन आणले. महिंद्राची थार २०१० मध्ये बाजारात आली. तिची दुसरी पिढी २०२० मध्ये आली व ती नाशिक येथे तयार होते. वाहनांच्या चाचणीसाठी पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था या राज्यातील दोन प्रमुख संस्था आहेत.

## डिफरन्शियलचे कार्य

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडली, तर त्यांपैकी एकाला रस्त्यावर घासत जावे लागेल. डिफरन्शियलमधील दंतचक्रे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतात. त्याच वेळी क्राउन व पिनियन ही दंतचक्रांची जोडी शक्तीची दिशा काटकोनात वळवते आणि फेऱ्या कमी करून टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढवते.

खुल्या डिफरन्शियलचा महत्त्वाचा गुणधर्म असा की, तो दोन्ही चाकांना नेहमी जवळजवळ समान टॉर्क देतो. त्यामुळे कमी पकड असलेले चाक जेवढा टॉर्क पेलू शकते, तेवढाच टॉर्क दुसऱ्या चाकालाही मिळतो. समजा, चिखलातील डावे चाक १०० न्यूटन-मीटर टॉर्कला घसरू लागते आणि खडकावरील उजवे चाक १,००० न्यूटन-मीटर पेलू शकते. अशा वेळी निरनिराळ्या प्रकारच्या डिफरन्शियलमधून जमिनीपर्यंत पोहोचणारा जास्तीत जास्त टॉर्क ढोबळमानाने पुढीलप्रमाणे असतो :

- खुला डिफरन्शियल : १०० + १०० = २०० न्यूटन-मीटर
- २.५:१ प्रमाणात टॉर्क वळवणारा मर्यादित-घसरण डिफरन्शियल : १०० + २५० = ३५० न्यूटन-मीटर
- पूर्ण लॉक केलेला डिफरन्शियल : १०० + १,००० = १,१०० न्यूटन-मीटर

लॉकमुळे नवी पकड निर्माण होत नाही. उपलब्ध असलेली पकड वापरता येते. दोन्ही चाके सारख्याच निसरड्या चिखलात असतील, तर लॉक असूनही फारसा फरक पडत नाही. तेथे टायरची नक्षी, टायरमधील हवेचा दाब आणि वाहनाचे वजन यांना अधिक महत्त्व असते.

## डिफरन्शियलचे प्रकार

### खुला

हा सर्वांत साधा, स्वस्त आणि कमी देखभालीचा प्रकार आहे. डांबरी रस्त्यावर त्याचे वर्तन सर्वांत सौम्य असते. चार-चाक चालन असूनही दोन्ही आसांवर खुले डिफरन्शियल असल्यास वाहन अडकू शकते. पुढचे एक आणि तिरक्या बाजूचे मागचे एक अशी दोन चाके खड्ड्यामुळे अधांतरी झाली, की तीच फिरत राहतात आणि जमिनीवरील दोन्ही चाके स्थिर राहतात.

### मर्यादित-घसरण

या प्रकारात घर्षण-चकत्या किंवा विशिष्ट रचनेची दंतचक्रे वापरून अधिक पकड असलेल्या चाकाकडे काही टॉर्क वळवला जातो. दंतचक्रांवर चालणाऱ्या टॉर्सेन प्रकाराचा शोध अमेरिकन संशोधक व्हर्नन ग्लीझमन यांनी लावला. अमेरिकन लष्कराच्या हमव्ही वाहनात तो वापरला गेला. त्याची मर्यादा गणितातूनच स्पष्ट होते. एक चाक पूर्ण अधांतरी असेल, तर त्याचा टॉर्क जवळजवळ शून्य होतो आणि शून्याची कितीही पट शून्यच राहते. अशा वेळी ब्रेक किंचित दाबल्यास अधांतरी चाकाला कृत्रिम विरोध मिळतो व दुसऱ्या चाकाकडे टॉर्क जातो. घर्षण-चकत्यांचा प्रकार सुरुवातीपासून थोडा दाब देऊन बसवलेला असल्याने अशा स्थितीत थोडा टॉर्क देऊ शकतो, पण चकत्या कालांतराने झिजतात.

### ब्रेकच्या साहाय्याने नियंत्रण

आधुनिक वाहनांत संगणक घसरणारे चाक ओळखून त्याच चाकाचा ब्रेक लावतो. यंत्रणा आधीच असलेल्या ब्रेकवर चालत असल्याने अतिरिक्त वजन जवळजवळ नसते. मात्र दीर्घकाळ वापरल्यास ब्रेक तापतात, आणि चाक घसरल्यानंतरच यंत्रणा जागी होत असल्याने प्रतिसादात थोडा विलंब असतो.

### स्वयंचलित यांत्रिक लॉक

यातील एका प्रचलित रचनेत दोन्ही चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडताच आतील यंत्रणा डिफरन्शियल लॉक करते. वाहनाचा वेग ताशी सुमारे ३० किलोमीटरपेक्षा अधिक असल्यास लॉक लागत नाही. चालकाला काहीही करावे लागत नाही, ही त्याची सोय आहे. परंतु लॉक लागण्यापूर्वी चाक थोडे घसरावेच लागते. सैल वाळूत तेवढ्या घसरण्यानेही चाक रुतू शकते.

### चालकाने लावायचे लॉक

तरफ, हवेचा दाब किंवा विद्युतचुंबक यांच्या साहाय्याने चालक स्वतः लॉक लावतो. लॉक नसताना हा डिफरन्शियल खुल्याप्रमाणे वागतो. कठीण टप्प्यात शिरण्यापूर्वीच तो लावणे अपेक्षित असते, कारण चाक वेगाने फिरत असताना लॉक लावल्यास दाते तुटण्याचा धोका असतो. पुढील आसाचा लॉक लावला की सुकाणू जड होते व वाहन सरळ जाऊ पाहते. म्हणून तो बहुधा शेवटचा उपाय म्हणून, थोड्या अंतरापुरता आणि सरळ दिशेत वापरतात.

## ट्रान्सफर केस

### अर्धकालिक व पूर्णकालिक चालन

अर्धकालिक पद्धतीत ट्रान्सफर केस पुढील व मागील आस एकमेकांना घट्ट जोडते. दोहोंमध्ये डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात. वाळू किंवा चिखलात हा फरक चाकांच्या किंचित घसरण्याने भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो भरून निघत नाही आणि दांड्यांमध्ये पीळ साठत जातो. टायर घासणे, वळताना गाडी अडखळणे व चार-चाक चालनातून बाहेर काढणारी तरफ न हलणे ही त्याची लक्षणे होत. त्यामुळे अशा वाहनांत कोरड्या, पक्क्या रस्त्यावर दोन-चाक चालनच वापरावे लागते.

पूर्णकालिक पद्धतीत दोन्ही आसांच्या मध्ये तिसरा डिफरन्शियल असतो व तो गरजेनुसार लॉक करता येतो. १९७० ची रेंज रोव्हर आणि १९७७ ची रशियन लाडा निवा ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. ओल्या डांबरी रस्त्यावर आणि घाटात ही पद्धत अधिक सोयीची असते. मात्र मधला लॉक लावला नाही, तर चारपैकी एकच चाक घसरूनही वाहन थांबू शकते.

### लो श्रेणी

ट्रान्सफर केसमधील लो श्रेणी सर्व गिअरची गती कमी करून टॉर्क त्याच प्रमाणात वाढवते. पहिल्या गिअरचे गुणोत्तर, लो श्रेणीचे गुणोत्तर आणि आसाचे अंतिम गुणोत्तर यांच्या गुणाकाराला रांगण-गुणोत्तर म्हणता येईल. पहिला गिअर ४, लो श्रेणी २.५ आणि आस ४ असे धरल्यास रांगण-गुणोत्तर ४० येते. इंजिन मिनिटाला १,००० फेऱ्या घेत असेल, तर चाक २५ फेऱ्या घेते. चाकाचा परीघ २.४ मीटर असल्यास वाहन ताशी ३.६ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याच्या वेगाने पुढे सरकते. हाय श्रेणीत याच स्थितीत वेग ताशी ९ किलोमीटर असतो. खडकाळ उतारावर या फरकाला महत्त्व असते, कारण लो श्रेणीत ब्रेक न लावता केवळ इंजिनाच्या विरोधावर वाहन संथपणे उतरवता येते.

गुणोत्तर जितके मोठे, तितके चांगले असे नाही. खडकांवर रांगण्यासाठी ४:१ इतकी लो श्रेणी उपयुक्त ठरते; वाळूत मात्र चाकांना काहीसा वेग हवा असतो व अशी लो श्रेणी तेथे फार संथ पडते. सर्वसाधारण वापरासाठी २ ते २.७ या दरम्यानचे गुणोत्तर प्रचलित आहे.

### अंतर्गत रचना

जुन्या ट्रान्सफर केस पूर्णतः दंतचक्रांच्या असत. त्या मजबूत, पण जड व आवाज करणाऱ्या होत्या. आधुनिक रचनांत पुढील आसाकडे शक्ती नेण्यासाठी बहुधा साखळी वापरतात. ती हलकी व शांत असते, परंतु वापराने सैल होऊ शकते. श्रेणी बदलण्यासाठी यांत्रिक तरफ किंवा विजेची मोटर असते. खाऱ्या हवेत व पाण्यात वारंवार जाणाऱ्या वाहनासाठी तरफेची रचना साधी व दुरुस्तीस सोपी ठरते.

## अंतिम गुणोत्तर आणि टायर

टायरचा व्यास वाढला की चाकाच्या एका फेरीत अधिक अंतर कापले जाते आणि प्रत्यक्ष गुणोत्तर घटते. मूळ गुणोत्तर ३.७३ असलेल्या वाहनाला १० टक्के मोठे टायर लावल्यास पूर्वीइतकाच जोर मिळवण्यासाठी ४.१० चे क्राउन-पिनियन लागते. बदल करताना पुढील व मागील आसांची गुणोत्तरे जुळणे अत्यावश्यक आहे. ती न जुळल्यास चार-चाक चालन लावताच दोन्ही आस एकमेकांविरुद्ध काम करतात व ट्रान्सफर केसचे नुकसान होते.

शक्तिवहन यंत्रणा ही साखळीप्रमाणे सर्वांत कमकुवत कडीइतकीच मजबूत असते. लॉक बसवल्यावर आसाच्या एका दांड्यावर आधीपेक्षा कितीतरी अधिक टॉर्क येऊ शकतो. लो श्रेणी, मोठे टायर आणि पुढील लॉक हे तिन्ही एकत्र आले, की पुढील आसाचे सांधे प्रथम तुटण्याची शक्यता असते.

## भूमीनुसार निवड : बोर्ली पंचतन परिसर

बोर्ली पंचतन हे गाव किनाऱ्यापासून थोडे आत असून दिवेआगर, वेळास व दिघी ही गावे त्याच्या जवळ आहेत. म्हसळ्याकडून येणारा रस्ता डोंगराळ भागातून उतरतो. जून ते सप्टेंबर या काळातील मुसळधार पावसात कच्च्या वाटांचे स्वरूप पूर्ण बदलते.

पुळण. किनाऱ्यावरील वाळूत चारही चाकांना जवळजवळ सारखीच कमी पकड असते. त्यामुळे डिफरन्शियल लॉकपेक्षा दोन्ही आसांना शक्ती मिळणे आणि टायरमधील हवा कमी करणे यांचा उपयोग अधिक होतो. सैल वाळूत दर चौरस इंचाला १५ ते १८ पौंडांपर्यंत दाब उतरवण्याची पद्धत आहे. पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी लागते. ओहोटीच्या वेळी घट्ट वाटणारी ओली वाळू थांबलेल्या वाहनाच्या चाकांखाली खचते, आणि सुमारे सहा तासांत भरतीचे पाणी परत येते. रुतलेले वाहन वेळेत बाहेर न निघाल्यास ते समुद्रात जाते, आणि त्या वेळी कोणताही लॉक उपयोगी पडत नाही.

भातखाचरे व खाजण. भातशेतीच्या कडेच्या वाटांवर एक बाजू बांधावर आणि दुसरी चिखलात अशी स्थिती वारंवार येते. मागील आसाचा लॉक सर्वाधिक उपयोगी पडतो तो येथेच. खाजणातील खोल गाळात मात्र आसच जमिनीला टेकतो. तेथे लॉकपेक्षा जमिनीपासूनची उंची निर्णायक ठरते.

जांभा व दगडी चढ. जांभ्याच्या खडबडीत सड्यांवर आणि पऱ्यांच्या पात्रांत तिरकी चाके अधांतरी होतात. लो श्रेणी आणि मागील लॉक हा येथील समाधानकारक मेळ आहे. शेवाळलेल्या जांभ्यावर आडव्या उतारात लॉक लावणे धोक्याचे असते. खुल्या डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरत राहते व दुसरे वाहनाला आडव्या दिशेने धरून ठेवते. लॉक असल्यास दोन्ही चाके एकदम घसरतात आणि वाहन उताराकडे सरकते.

घाटरस्ता. ओल्या डांबरी वळणांवर खुला किंवा मर्यादित-घसरण डिफरन्शियल योग्य असतो. घट्ट लॉकमुळे वाहन वळणाबाहेर जाऊ शकते.

३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन तालुक्याचे मोठे नुकसान झाले. झाडे व विजेचे खांब पडून अनेक रस्ते बंद झाले. अशा प्रसंगी रुग्ण किंवा साहित्य नेणाऱ्या वाहनाला आडवाटेने जावे लागते. त्यासाठी खडकांवर रांगण्याची टोकाची क्षमता लागत नाही. अर्धकालिक चार-चाक चालन, मध्यम लो श्रेणी, मागील लॉक आणि स्थानिक गॅरेजमध्ये दुरुस्त होणारी साधी रचना हा मेळ या परिसराच्या बहुतेक गरजा भागवतो.

## काही वाहनांतील व्यवस्था

| वाहन | ट्रान्सफर केस | डिफरन्शियल |
|---|---|---|
| विलिज जीप (दुसरे महायुद्ध) | अर्धकालिक, लो १.९७:१ | दोन्ही खुले |
| मारुती जिप्सी (१९८५ पासून) | अर्धकालिक, दोन श्रेणी | दोन्ही खुले |
| महिंद्रा थार, दुसरी पिढी (२०२०) | अर्धकालिक, दोन श्रेणी, तरफ | काही आवृत्त्यांत मागे स्वयंचलित यांत्रिक लॉक |
| फोर्स गुरखा (२०२१) | अर्धकालिक, दोन श्रेणी | पुढे व मागे चालकाने लावायचे लॉक |
| मारुती सुझुकी जिम्नी (२०२३) | अर्धकालिक, दोन श्रेणी | खुले, ब्रेकच्या साहाय्याने नियंत्रण |
| महिंद्रा थार रॉक्स (२०२४) | ४×४ आवृत्तीत दोन श्रेणी | काही आवृत्त्यांत मागे विद्युत लॉक |
| जीप रँग्लर रुबिकॉन (जोडणी रांजणगाव, पुणे) | दोन श्रेणी, लो ४:१ | पुढे व मागे विद्युत लॉक |

## देखभाल

आसाच्या पेटीत तापलेली हवा बाहेर जाण्यासाठी ब्रीदर नावाची छोटी नळी असते. तापलेला आस अचानक थंड पाण्यात गेला, की आतील हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर पाण्याखाली असल्यास किंवा सील झिजलेले असल्यास पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसणे हे त्याचे लक्षण आहे. असे तेल न बदलल्यास बेअरिंग व क्राउन-पिनियन गंजतात. ब्रीदरची नळी लांबवून उंचावर नेणे हा सोपा उपाय आहे. कंपनीने दिलेली पाण्यातून जाण्याची मर्यादा (थारच्या दुसऱ्या पिढीसाठी ६५० मिलिमीटर, २०२१ च्या गुरखासाठी ७०० मिलिमीटर) ही सावकाश चालवताना, स्थिर पाण्यासाठी असते.

समुद्रकिनाऱ्यावर वापर झाल्यानंतर वाहनाचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुणे आवश्यक असते. घर्षण-चकत्यांच्या मर्यादित-घसरण डिफरन्शियलला खास मिश्रक असलेले तेल लागते. साधे तेल घातल्यास वळणावर खडखडाट होतो. बराच काळ न वापरलेली चार-चाक चालनाची तरफ घट्ट होते, म्हणून महिन्यातून एकदा सैल जमिनीवर ती वापरण्याचा सल्ला दिला जातो.

## कायदा व पर्यावरण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असे फेरफार वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्यामुळे बाजारातून घेतलेले मोठे टायर किंवा बदललेला आस बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयाचे नियम तपासणे आवश्यक ठरते. कारखान्यातूनच लॉक बसवलेली आवृत्ती निवडल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

दिवेआगर व हरिहरेश्वर येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये या कासवाचा समावेश आहे. वाहनांच्या चाकांमुळे वाळू दाबली जाऊन घरटी नष्ट होऊ शकतात, तसेच चाकोऱ्यांत अडकलेली पिल्ले समुद्रापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे पुळणीवर वाहन नेण्याची क्षमता असणे आणि तसे करणे योग्य असणे या दोन वेगळ्या बाबी ठरतात.

## हेही पहा

- गिअरबॉक्स
- जीप
- महिंद्रा अँड महिंद्रा
- फोर्स मोटर्स
- बोर्ली पंचतन
- निसर्ग चक्रीवादळ